नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर सांगणारी संकेतस्थळं किती भरवशाची?

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी संकेतस्थळं आता डझनांनी आहेत, आणि जवळपास सगळी फुकट. नागपूर आणि सॅन फ्रान्सिस्को ही जोडी टाकून पाहा. बहुतेक ठिकाणी १३,१०० किलोमीटरच्या आगेमागे आकडा येतो आणि त्याखाली पावणेसतरा तासांच्या जवळपासचा ‘उड्डाणाचा वेळ’. पहिला आकडा बिनदिक्कत घ्या. दुसऱ्याच्या भरवशावर मात्र घ्यायला येणाऱ्या माणसाला वेळ कळवू नका.

हा दुसरा आकडा येतो कुठून, तर फार साध्या गणितातून. यातली बरीच संकेतस्थळं विमानाचा वेग ताशी ५०० मैल, म्हणजे ८०५ किमी, असा कायमचा धरून ठेवतात आणि चढण्या-उतरण्यापोटी वर अर्धा तास घालतात. १३,११२ भागिले ८०५ म्हणजे १६ तास १७ मिनिटं, अधिक अर्धा तास, झाले १६ तास ४७ मिनिटं. यात विमान कोणतं, दिशा कोणती, महिना कोणता, मधल्या कोणत्या देशाचं आकाश बंद आहे, यातलं काहीच नाही. नागपूरहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमानच नाही, हेही त्या पानाला ठाऊक नसतं. म्हणजे नसलेल्या विमानाचा वेळ तो, आणि तोही मिनिटापर्यंत!

अंतराचं तसं नाही. तिथे गणित पक्कं आहे आणि घरीही पडताळता येतं. सोनेगावचा आपला विमानतळ २१.०९२ अंश उत्तर, ७९.०४७ अंश पूर्व. सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६१९ अंश उत्तर, १२२.३७५ अंश पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांच्या फरकाच्या कोसाइननं गुणा. दोन्हींची बेरीज करा आणि तिचा उलटा कोसाइन काढा. उत्तर ११७.९२ अंश. एका अंशाला १११.१९५ किमी धरले की १३,११२ किमी. स्प्रेडशीटमध्ये हे करताना दोन ठिकाणी घात होतो. एक, तिथले साइन-कोसाइन अंश घेत नाहीत, रेडियन घेतात. रूपांतर राहिलं की उत्तर भलतंच येतं, पण ते लगेच लक्षात तरी येतं. दुसरी चूक जास्त फसवी. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचं राहिलं तर उत्तर साडेचार हजार किमीच्या आसपास येतं. आकडा दिसायला बरा असतो, म्हणून खपून जातो. प्रत्यक्षात मात्र आपण चीनच्या शानतुंग किनाऱ्याजवळच्या समुद्रापर्यंतचं अंतर काढलेलं असतं.

हे गणित पृथ्वी अगदी गोल, ६,३७१ किमी त्रिज्येची, असं मानून आहे. खरी पृथ्वी ध्रुवांकडे चपटी: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवाकडे ६,३५७. चांगली संकेतस्थळं हा चपटेपणा हिशेबात घेतात, साधी घेत नाहीत. त्यामुळे एकीवर १३,११२ आणि दुसरीवर वीस-तीस किमी इकडेतिकडे दिसलं तर दोन्ही बरोबर समजा. हा फरक अर्ध्या टक्क्याच्या वर जात नाही. शहराचा मध्य धरला की विमानतळ, यानेही थोडा फरक पडतो. नागपूरच्या बाबतीत तो सात-आठ किमीचा, म्हणजे सोडून देण्याजोगा. नागपुरातल्या झिरो माइलच्या दगडापासून कोणीही मोजत नाही, हे जाता जाता सांगून टाकतो. १९०७ चा तो दगड त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची उंचीची खूण आहे, १,०२०.१७१ फूट, विमानाच्या अंतराशी त्याचा संबंध नाही.

मोठा फरक दिसला तर आधी एकक पाहा. तेच अंतर ८,१४७ मैल होतं आणि ७,०८० सागरी मैल. वैमानिकांची आणि हवाई नियंत्रणाची सगळी भाषा सागरी मैलांची आणि नॉटची (तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट), त्यामुळे विमानप्रेमींसाठी केलेल्या संकेतस्थळांवर आपोआप तेच येतं. एकक बरोबर असूनही आकडा जुळत नसेल तर गाव चुकलंय. हैदराबाद टाकलं की सिंधमधलं येऊ शकतं, बर्मिंगहॅम टाकलं की अमेरिकेतल्या अलाबामातलं, सिडनी टाकलं की कॅनडातलं. म्हणून शहराचं नाव लिहूच नये, विमानतळाचं तीन अक्षरी चिन्ह लिहावं. आपलं एनएजी, दिल्लीचं डीईएल, कतारमधल्या दोह्याचं डीओएच, सॅन फ्रान्सिस्कोचं एसएफओ.

चिन्हांवर चालणाऱ्यांमध्ये ग्रेट सर्कल मॅपर हे जुनं आणि अजूनही सर्वांत कामाचं. दिसायला कळकट आहे, पण चिन्हांमध्ये आडवी रेघ टाकून कितीही थांबे जोडता येतात. एनएजी-डीओएच-एसएफओ लिहिलं की प्रत्येक टप्प्याचं अंतर, सुरुवातीची दिशा आणि एकूण बेरीज मिळते. स्वल्पविराम देऊन दुसरा मार्ग लिहिला की दोन्ही एकाच नकाशावर उमटतात. नागपूरकराला खरी गरज आहे ती याचीच, कारण आपल्याला कुठे ना कुठे विमान बदलायचंच आहे. सरळ रेषेतलं अंतर आपल्यासाठी फक्त तुलनेचा आधार. कोणत्या थांब्यानं किती वळसा पडतो, हे त्यावरून काढायचं.

आणि वळशाचे आकडे काढले की गंमत कळते. लंडनचं उदाहरण आधी घेऊ. नागपूर ते हीथ्रो सरळ सुमारे ७,४७५ किमी. दिल्लीमार्गे ७,५८५, मुंबईमार्गे ७,९००, दोहामार्गे ८,०८०. म्हणजे दोह्याचा वळसा ६०० किमीचा, पाऊण तासाच्या आतबाहेरचा. चालण्यासारखा आहे. न्यूयॉर्कला सरळ १२,६००, दोहामार्गे १३,६१०; वळसा हजार किमी. आता सॅन फ्रान्सिस्को. सरळ १३,११०, दिल्लीमार्गे १३,२३५, मुंबईमार्गे १४,१९५, आणि दोहामार्गे १५,८३५. दोहामार्गे वळसा २,७०० किमीच्या वर! नागपूर-दिल्ली हवाई अंतर ८५४ किमी आहे. ते तीनदा कापलं तरी इतकं भरत नाही. ताशी ९०० नं हे निव्वळ तीन तास झाले, थांब्याचा वेळ वेगळाच.

असं का, ते नकाशाच्या पुस्तकात कळत नाही, पृथ्वीच्या गोलावर कळतं. तीस सेंटीमीटर व्यासाचा शाळेतला गोल घ्या, त्यावर नागपूर आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन बिंदूंवर दोरा ताणून धरा. दोरा साधारण ३१ सेंटीमीटर भरेल (एक सेंटीमीटरला सुमारे ४२५ किमी) आणि तो पश्चिमेला अजिबात जाणार नाही. नागपूरहून तो जवळजवळ उत्तरेला निघतो, किंचित पूर्वेकडे झुकून. पश्चिम नेपाळ, मग तिबेट, चीन, सायबेरिया, आणि आर्क्टिक वृत्त ओलांडून ७२ अंश उत्तरेपर्यंत चढून मग अलास्काच्या बाजूनं खाली उतरतो. दिल्ली त्या वाटेच्या अगदी कडेला आहे. दोहा त्या वाटेवर नाहीच, उलट बाजूला आहे. लंडन-न्यूयॉर्कला जायचं तर आखात वाटेतलं म्हणता येतं, कॅलिफोर्नियाला नाही. मुलं बे एरियात असणाऱ्या घरांनी हा दोरा एकदा ताणून पाहावा.

प्रत्यक्षात या दोऱ्यावरून कुठलंच विमान तंतोतंत जात नाही, आणि संकेतस्थळांचा वेळ चुकायला सुरुवात होते ती इथूनच. तिबेटच्या पठारावरून प्रवासी विमानं शक्यतो नेत नाहीत. केबिनमधला दाब गेला तर विमानाला झटपट १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला रासायनिक प्राणवायू साधारण १२ ते २० मिनिटंच पुरतो. आणि तिथली जमीनच सरासरी चौदा-पंधरा हजार फुटांवर आहे. उतरणार कुठे? त्यामुळे पहाड टाळून वळसा. मग राजकारण. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी, ब्रिटिश आणि युरोपीय संघातल्या कंपन्यांना बंद झालं, भारतीय कंपन्यांना नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं, आखाती कंपन्यांना नाही. परिणाम असा की दोन शहरं तीच, अंतर तेच, पण तिकिटावर कोणाचं नाव आहे त्यावर वेळ बदलतो. दिल्ली-लंडन हे याचं ठळक उदाहरण. हे अंतर-गणक सांगूच शकत नाही, त्याची ती रचनाच नाही.

वाऱ्याचा हिशेब त्याहून मोठा. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारे जोराचे झोत असतात. हिवाळ्यात असा एक झोत थेट उत्तर भारतावरून जातो आणि त्याचा वेग १०० नॉटच्या वर जाणं नेहमीचंच. सोप्या आकड्यांत पाहा. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी, वारा समोरून १००, तर जमिनीच्या हिशेबानं वेग ८००. नागपूर-दोहा २,८४० किमी म्हणजे हवेत ३ तास ३३ मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी, वेग १,०००, वेळ २ तास ५० मिनिटं. एकाच मार्गावर पाऊण तासाचा फरक. गणक मात्र जाताना आणि येताना एकच वेळ दाखवतो. एखादं संकेतस्थळ पारखायचं असेल तर शहरं उलटसुलट करून पाहा. दोन्ही बाजूंनी मिनिटासकट तोच वेळ आला तर त्यात वाऱ्याचा पत्ताच नाही, हे ओळखा.

अंतर आणि वेळ किती वेगळे असू शकतात याचा सज्जड पुरावा म्हणजे एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान. आधी ते अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं, सुमारे १५,३०० किमी. चौदाशे किमी जास्त, आणि तरीही पोचलं साडेचौदा तासांत, जुन्या मार्गापेक्षा दोनेक तास लवकर. वारा समोरचा होता तो पाठीशी आला, एवढंच. सरळ हवाई अंतर यातल्या कोणत्याच मार्गाला लागू नव्हतं. ते आहे १२,३८०.

छोट्या अंतरावर उलट घोळ होतो. नागपूर-मुंबई ६८५ किमी. सूत्रानं येतात १ तास २१ मिनिटं, वेळापत्रकात असतात दीड ते पावणेदोन तास. वारा आणि वळसा इथे फार मोठा नाही. खरा वेळ जातो जमिनीवर आणि मुंबईच्या आकाशात. वेळापत्रकात दिसतो तो ‘ब्लॉक टाइम’, म्हणजे एका जागेवरून विमान हलल्यापासून दुसऱ्या जागेवर थांबेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत उभं राहणं, मुंबईवर घिरट्या घालणं, सगळं आलं. शिवाय कंपन्या थोडी मिनिटं पदरची घालतात, म्हणजे उशिरा निघूनही वेळेवर पोचल्याची नोंद होते. सूत्रातला अर्धा तास सोनेगावसारख्या विमानतळाला पुरतो, मुंबईला पुरत नाही. समृद्धी महामार्ग इगतपुरीपुढेही खुला झाल्यापासून नागपूर-मुंबईची तुलना पुष्कळ जण करतात, म्हणून सांगतो: तो महामार्ग ७०१ किमीचा, म्हणजे हवाई अंतराच्या जवळपासच, रेल्वेनं मात्र ८३७ किमी. अंतराच्या आकड्यावरून वेळ काढायची सवय लागली की माणूस अशा ठिकाणी फसतो.

मग वेळ पाहायचा कुठे? दोन ठिकाणी. पुढच्या तारखेचा ठरलेला वेळ गूगल फ्लाइट्ससारख्या तिकीट-शोधावर, प्रत्येक टप्पा उघडून. वर मोठ्या अक्षरांत जो एकूण वेळ असतो त्यात थांबाही धरलेला असतो. टप्पा उघडला की उड्डाण आणि थांबा वेगळे दिसतात. आणि खरोखर किती लागतो ते फ्लाइटरडार२४ वर. तिथे विमानाचा क्रमांक टाकला की गेल्या काही दिवसांची यादी येते: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष उड्डाण, प्रत्यक्ष उतरणं. एखादा दिवस उघडला तर विमान कोणत्या वाटेनं गेलं तेही नकाशावर दिसतं. एका दिवसावरून ठरवू नका, आठवड्याभराचे आकडे पाहा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जायचं असेल तर सकाळच्या विमानांच्या ओळी नीट वाचा. धुक्यानं कोणत्या दिवशी किती खोळंबा झाला ते तिथे उघड दिसतं. ढोबळ मानानं नागपूर-दोहा जाताना चार-सव्वाचार तास, येताना पावणेचारच्या आसपास, आणि दोहा-सॅन फ्रान्सिस्को सुमारे सोळा तास धरावे.

वेळापत्रकावरून स्वतः वेळ काढणाऱ्यांचा गोंधळ घड्याळात होतो. सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची, पोचण्याची पोचण्याच्या गावची. समजा नागपूरहून पहाटे ४ ला निघून दोह्याला पावणेसहाला पोचलात, तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही. कतार आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून तो सव्वाचार तासांचा. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. कतार आणि भारत घड्याळ हलवत नाहीत. त्यामुळे ऑक्टोबरअखेरचं वेळापत्रक पाहून नोव्हेंबरातला वेळ काढला की नेमका एक तास चुकतो. काही गणक पानं दोन शहरांतला फरकही दाखवतात; तो आजचा असतो, प्रवासाच्या तारखेचा नाही.

राहता राहिला थांबा. एकूण प्रवासात सर्वांत जास्त वेळ खाणारा भाग हाच, आणि त्याबद्दल कोणताच गणक चकार शब्द काढत नाही. दिल्लीत देशांतर्गत विमान एका टर्मिनलवर उतरलं आणि परदेशी विमान टर्मिनल ३ वरून असलं तर मध्ये रस्त्यानं जावं लागतं. मुंबईत टर्मिनल १ सांताक्रूझच्या अंगाला, टर्मिनल २ सहारला. शिवाय डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकीट शोधताना नुसतं ‘मुंबई’ टाकलं तर दोन्ही विमानतळ येऊ शकतात, आणि नागपूरहून नवी मुंबईला उतरून सहारहून पुढचं विमान पकडायचं म्हणजे खाडी ओलांडून तीस-चाळीस किमीचा, रहदारीच्या भरवशावरचा रस्ता. तिकिटावरची तीन अक्षरं इथे पुन्हा एकदा वाचा: बीओएम (मुंबई) की एनएमआय (नवी मुंबई). दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर सामान सहसा पुढपर्यंत जातं आणि पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर सामान उचला, पुन्हा द्या, पुन्हा तपासणी. चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये, आणि दोन विमानतळ वेगळे असतील तर सहा.

दोह्याचं माप इथे मात्र पुन्हा वर जातं. वळसा २,७०० किमीचा असला तरी थांबा एकच, टर्मिनल एकच, सामान नागपूरलाच द्यायचं. दिल्लीमार्गे अंतर कमी, पण थांबा पाच-सहा तासांचा पडला तर वाचलेले तीन तास तिथेच गेले. साठीपुढच्या आईवडलांना एकटं पाठवताना हा हिशेब किलोमीटरपेक्षा मोठा. दोन्ही मार्गांचा दारापासून दारापर्यंतचा वेळ मांडा; घरून निघण्याची वेळही त्यात धरा. आखाती विमानं बहुधा अपरात्री सुटतात आणि आपली मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, म्हणजे सीताबर्डीहून ऑरेंज लाइननं जाण्याचा बेत त्या वेळेला कामाचा नाही. वर्धा रोडनं गाडीच करावी लागते.

गुण द्यायचे तर असे. साध्या अंतर-गणकांना अंतरासाठी दहापैकी नऊ, वेळेसाठी तीन. ग्रेट सर्कल मॅपरला थांबे जोडण्याच्या सोयीसाठी नऊ. एक गुण त्याच्या जुनाट रूपासाठी कापला. गूगल अर्थमधली मोजपट्टी अंतर बरोबर दाखवते आणि रेघ गोलावर वळलेली दिसते म्हणून मुलांना समजावायला उत्तम, पण थांब्यांची बेरीज मांडायला ती किचकट. फ्लाइटरडार२४ ला प्रत्यक्ष वेळेसाठी नऊ; जुन्या महिन्यांची माहिती पैसे भरल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मे महिन्यात बसून जानेवारीतल्या धुक्याचा अंदाज त्यावर फुकटात घेता येणार नाही.